माहेर नसलेली सून

मी ज्या बालगृहात वाढले, तिथं कोणतंही बोलणं ‘सर्वप्रथम’ या शब्दानं सुरू व्हायचं. सर्वप्रथम संस्थेचे आभार, मग अध्यक्षांचे, मग त्या दिवशीच्या अन्नदात्यांचे. आभार संपेपर्यंत पाहुण्यांना उठायची घाई झालेली असे. त्यामुळे ‘सर्वप्रथम’नंतर दुसरं काय येतं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी कृतघ्न नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी आई गिरडजवळच्या एका खेड्यात मजुरी करायची. वडील गेल्यावर मला सांभाळून कापूस वेचायला जाणं तिला जमेना, म्हणून तिनं मला संस्थेत आणून सोडलं. तिथं मला शाळा मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरांत मिळून पदवी घेतलेली मी पहिली. आज मी वर्ध्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि संस्था नसती तर हे झालं नसतं, हे मला रोज आठवतं. पण उपकाराची आठवण आणि पोटातली मळमळ एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात. माझ्यात राहतात.

आमच्याकडे लोक आपल्या मेलेल्या माणसाची तिथी करायला यायचे. खुर्चीवर फोटो, फोटोला हार, समोर आम्ही पंगतीत. ताटात पुऱ्या, आलूची भाजी, बुंदी. ताट वाढलेलं असायचं, पण हात लावायचा नाही. आधी प्रार्थना, मग गेलेल्या माणसाची माहिती, मग आभार. तोवर पुऱ्या चामड्यासारख्या व्हायच्या आणि बुंदीवर माश्या बसायच्या. मग एखाद्या बाई मोबाईल समोर धरून विचारायच्या, “बेटा, तुझे आईबाबा कुठे आहेत?” आणि ज्याचं उत्तर आम्ही स्वतःलाही दिलेलं नव्हतं, ते उत्तर घास तोंडात असताना त्यांना द्यावं लागायचं. जुन्या कपड्यांची गाठोडी यायची. एकदा आम्ही मोठ्या मुली कपडे निवडत होतो, तर त्यात कोणाच्या तरी वापरलेल्या, इलॅस्टिक सुटलेल्या चड्ड्या निघाल्या. धुतलेल्याही नव्हत्या. स्वयंपाकाच्या मावशींनी त्या काठीनं उचलून चुलीत टाकल्या आणि म्हणाल्या, “पुण्य कमवून राह्यले बापा लोकं.”

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. म्हणून मागच्या हिवाळ्यात संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, तेव्हा मला खरंच आनंद झाला. त्यांना आम्ही सगळ्या काकाजी म्हणतो. काकाजी म्हणाले, “बेटा, यंदा वर्धापनदिनाला वेगळा कार्यक्रम ठेवला आहे. ‘मुलांचा आवाज’. मुलींनी मनमोकळं बोलायचं. वरूनही तसं सांगून राह्यले की मुलांचं म्हणणं ऐका म्हणून. तू माजी विद्यार्थिनी. तू येऊन तयारी करून घे.”

मी त्याच रविवारी देवळीकडच्या एसटीत बसून गेले. गाव कोणतं ते लिहीत नाही. हॉलमध्ये सतरंजी टाकलेली होती. मुली उंचीप्रमाणे बसल्या होत्या, आमच्या वेळी बसवायचे तशाच. मी म्हटलं, “आज आभार नको. इथं काय बदलायला पाहिजे, काय आवडत नाही, ते सांगा. मी रागावणार नाही.”

एक चौथीतली मुलगी उठली. हात बांधले, मान वर केली. “सर्वप्रथम मी संस्थेचे आभार मानते. आम्हाला पाण्याची टाकी दिल्याबद्दल दानशूर दात्यांचे आभार मानते.”

“अगं, टाकीबद्दल काही तक्रार आहे का?”

“टाकीत पाल पडली होती.” ती गोंधळली. मग म्हणाली, “पालीबद्दल मी क्षमा मागते.”

मुली खदाखदा हसल्या. मीही हसले. मागून कोणीतरी बोललं, “पालीचे बी आभार मान वं!” आणखी हशा झाला. त्यानंतर जरा बांध फुटला. न्हाणीघराच्या दाराला कडी नाही. पाळीचे पॅड मागायला गेलं की मॅडम सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात. वाढदिवस दुसऱ्याच्या मुलाचा आणि टाळ्या वाजवून हात आमचे दुखतात. एक जण म्हणाली, “ताई, तेरवीचं खाऊन मले रात्री भेव लागते. तो फोटोवाला माणूस सपनात येते.” यावर मात्र कोणी हसलं नाही.

सगळ्यात मोठी मुलगी यात काहीच बोलली नव्हती. ती बारावीला होती, सायन्सला. त्याच थंडीत तिला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. जेवणं झाल्यावर मी नळावर हात धुवायला गेले, तर ती पंगतीची ताटं घासत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, माहं लग्न लावून राह्यले.”

“कोण?”

“काकाजी. समुद्रपूरकडचं स्थळ हाये. मागच्या आठवड्यात पाहून गेले.”

“तू काय म्हणालीस?”

“मले कोणी इचारलंच नाई.” तिनं ताट पालथं घातलं. “मले बारावीचे पेपर द्यायचे हायेत ताई. मंग नर्सिंग. मॅडमले सांगतलं तर मॅडम म्हणे, तुले अठरा झाले, आता कुठं ठेवू? त्या दिवशी साक्षगंध हाये.”

“कोणत्या दिवशी?”

“तुम्ही बोलाले शिकवून राह्यल्या ना, त्याच दिवशी.”

मला आधी समजलंच नाही. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम म्हणजे आमच्या अधीक्षिका. माझ्या वेळी त्या नव्या होत्या, आता केस पिकले आहेत. त्यांनी काही लपवलं नाही. वर्धापनदिनाला मंडप असतो, पाहुणे असतात, जेवण असतं. ‘मुलांचा आवाज’ झाला की त्याच मंचावर साक्षगंध उरकायचं. वेगळा खर्च कशाला?

“पण तिला परीक्षा द्यायची आहे,” मी म्हटलं. “आणि शिक्षण चालू असलं तर अठरानंतरही सोय करता येते, मॅडम. कायद्यात आहे.”

“कायदा मले माहीत आहे वं. कायद्यात आहे, आपल्या जिल्ह्यात खोली कुठं आहे ते सांग.” मॅडमनी चष्मा काढला. “दोन-दोन महिने माझा पगार होत नाही. उद्या ही पोरगी बाहेर पडली आणि काही झालं, तर लोक मलेच धरतील. लग्न झालं की निदान जबाबदारी तरी संपते.”

मॅडम वाईट नाहीत. ताप आला की त्या आमच्या उशाशी बसायच्या. त्यांच्या तोंडून ते ऐकून मला राग आला नाही, किळस आली, आणि ती किळस कोणावर टाकायची ते कळेना. मी इतकंच म्हटलं, “तिला बोलू द्या. कार्यक्रमच त्याचा आहे.”

“बोलू दे ना. मी कुठं नाही म्हटलं? मनोगत पाठ करून घेतलं आहे तिच्याकडून.”

परत जाताना मुलीला म्हटलं, पाठ केलेलं सोडून दे, मला सांगितलंस तेच सांग. ती म्हणाली, “पाहू.”

वर्धापनदिनाच्या दिवशी मी सकाळीच पोहोचले. मंडपात चुन्याचा आणि शिळ्या फुलांचा वास होता. कुठल्या तरी लग्नात वापरलेले हार पाणी शिंपडून परत बांधले होते. समुद्रपूरकडची मंडळी आली होती: नवरदेव, त्याची मावशी आणि स्थळ जमवणारा एक माणूस. नवरदेवाची आई आजारी असल्यामुळे सगळं मावशीच्या हातात होतं. त्यांना चहा द्यायचं काम माझ्याकडे आलं. माजी विद्यार्थिनी म्हणजे घरचीच, असं काकाजी म्हणाले.

नवरदेव तिशी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला. त्यानं पूर्ण वेळ मोबाईलमधून मान वर केली नाही. स्थळवाला एका पाहुण्याला सांगत होता, “आजकाल शेतीवाल्याले पोरीच भेटत नाई, साहेब. बारा एकर असू द्या नाई तर वीस. पोरीचे बाप म्हणते, नोकरी दाखवा. मी म्हटलं, मंग आश्रमातली पाहू. जातीचंही काही नाई आपलं. मन मोठं हाये या लोकायचं.”

मुलीला बोलावलं गेलं. कोणीतरी दिलेली जरीची साडी तिला नेसवली होती. पदराच्या घडीत कापूर घालून ठेवल्याचा वास येत होता. मावशींनी तिला जवळ बसवलं, तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. “कामाचे हात हायेत,” त्या म्हणाल्या. वेणी पुढे ओढून लांबी बघितली. दात दिसावेत म्हणून तिला हसायला सांगितलं. “हास ना वं पोरी. सासरी जायचं हाये, फाशीले नाई.” आणि स्वतःच हसल्या.

मी कपबशा गोळा करत होते. मावशी स्थळवाल्याकडे झुकून म्हणाल्या, पण आवाज काही लहान केला नाही. त्यांना वाटलं असेल, आमच्यासारख्यांना ऐकू येत नसावं. “मांगं कोणी नाई हेच बरं हाये. घरच्या मोठ्या सुनेचा बाप पंधरा दिवसाले दारात. भाऊ येते, काका येते. हिले कुठं पळून जायले जागाच नाई. माहेराची कटकट नाई.”

स्थळवाला म्हणाला, “म्हणूनच तर इथं आणलं तुम्हाले.”

माझ्या हातातल्या बशीत उष्टा चहा सांडला होता, त्यात पारले बिस्किटाचा लगदा होता. मी मोरीपाशी जाऊन उभी राहिले. गायीगुरांच्या बाजारात तरी गुरासमोर असं बोलत नाहीत, कारण गुराचा मालक बाजूला उभा असतो. इथं मालक काकाजी होते, आणि ते मोठ्या आनंदानं पाहुण्यांना पेढे देत फिरत होते.

कार्यक्रम सुरू झाला. दीप लावला, शाल-श्रीफळ झालं. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राचार्य होते. लहान मुलींनी आभार मानले. चौथीतल्या मुलीनं टाकीचे मानले. मग सूत्रसंचालकानं मोठ्या मुलीचं नाव घेतलं. ती साडी सावरत माइकपाशी आली.

“सर्वप्रथम,” ती म्हणाली आणि थांबली. मॅडम पहिल्या रांगेतून ओठ हलवून पुढचं वाक्य सांगत होत्या. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली.

“मले बारावीची परीक्षा द्यायची हाये. मले नर्स व्हायचं हाये. आज माहं साक्षगंध ठेवलं हाये, ते मले करायचं नाई. मले त्याच्याबद्दल कोणी इचारलं नाई. मी आता सांगून राह्यली. एवढंच हाये.”

आणि टाळ्या वाजल्या.

हे मी कधी विसरू शकणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा कार्यक्रमात मूल बोलायचं थांबलं की टाळ्या वाजवायच्या, ही सवय. तिनं काय सांगितलं ते कानांवर पडलं असणारच, पण हात आधी हलले. प्राचार्य डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, “काय धिटाई आहे!” काकाजी उठून माइकवर आले. “बघा! ही निर्भीडता, हेच आमच्या संस्थेचे संस्कार.” पुन्हा टाळ्या. आणि लगेच सूत्रसंचालकानं हातातल्या कार्यक्रमाप्रमाणे पुढचं सुरू केलं: “आणि आता या गुणी मुलीच्या आयुष्यातला मंगल क्षण! वरपक्षानं कृपया मंचावर यावं.”

ते खरंच आले. नवरदेव चपला काढून मंचावर चढला. पाट मांडलेले होते. मावशींनी ताट पुढे केलं आणि कुंकवाचं बोट मुलीच्या कपाळाकडे नेलं. मुलीनं आपला तळवा कपाळावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मावशींनी हात बाजूला करायचा प्रयत्न केला. ती मागे सरकली. कुंकू तिच्या बोटांवर सांडलं, साडीवर सांडलं. खाली बसलेल्यांपैकी काहींनी मोबाईल वर केले.

मी मंचावर गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. माइक बंद केला होता म्हणून ओरडले, “ती नाही म्हणाली! तुम्ही ऐकलं ना आत्ता? टाळ्या कशाला वाजवल्या मग?” माझा आवाज चिरकला. माझ्या गाण्याला अशाच एका वर्धापनदिनाला कधीकाळी बक्षीस मिळालं होतं, पण त्या दिवशीचा आवाज मला स्वतःला ओळखू आला नाही.

काकाजींनी वर झालेले मोबाईल बघितले. मग माझ्याकडे बघून हसले, दात न दाखवता, आणि म्हणाले, “चला, ऑफिसमध्ये बसून बोलू. पाहुण्यांनी जेवून घ्या.”

ऑफिसमध्ये काकाजी, मॅडम, ती मुलगी आणि मी. बाहेर पंगत बसली होती, वाढप्यांचे आवाज येत होते. काकाजी पाणी प्यायले. “आम्ही तुझं वाईट चिंतलं काय वं? इतकी वर्षं खाऊ घातलं ते वाईट करायसाठी?” मग ते माझ्याकडे वळले. “तुले एवढाच कळवळा आहे, तर तू घेऊन जा.”

मी तयारच होते. माझी वर्ध्यातली खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल. मी लगेच म्हटलं, “हो, नेते. आजच नेते. परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहील, पुढचंही मी बघते.”

“नाई,” मुलगी म्हणाली.



“मले ताईकडे बी नाई जायचं. माहं कॉलेज इथं हाये, प्रॅक्टिकल इथं हाये. मी इथंच राहीन परीक्षा होईपर्यंत. हे तुमचं घर हाये असं तुम्हीच म्हणता ना काकाजी दर वर्धापनदिनाले? घरातून कोणी परीक्षेच्या आंधी हाकलते काय?”

माझे कान गरम झाले. आत्ताच बाहेर ओरडले होते की तिला विचारलं नाही, आणि आत येऊन मीही विचारलं नव्हतं. पण मला ते बरंही वाटलं. त्या दिवसात बरं वाटावं अशी तेवढीच एक गोष्ट घडली.

काकाजी खिडकीतून मंडपाकडे बघत राहिले. मोबाईलवाले अजून गेले नव्हते. “ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “परीक्षेपर्यंत. पुढचं तुझं तू आणि ती समिती पाहा.” ही समिती म्हणजे जिल्ह्याची बालकल्याण समिती. संस्थेतल्या मुलांचे निर्णय तिथं होतात. समितीचं नाव इतक्या वेळात तेव्हा पहिल्यांदा निघालं.

आम्ही बाहेर आलो. वरपक्ष हात धुऊन सुपारी खात होता. स्थळवाल्यानं काकाजींना बाजूला घेतलं. मी पायरीवरच होते. तो म्हणाला, “झालं ते झालं. दुसरी कोणी हाये काय? मंडप तर घातलाच हाये.” काकाजी त्याच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, “सध्या तरी अठराची दुसरी नाही. कळवतो.” कळवतो! जणू दुकानात माल संपला होता.

तिचे पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. तिचं कपाट काढून लहान मुलींना दिलं गेलं, तिची पुस्तकं कोठीघरात गेली. तिच्याशी फार बोलू नका, असं इतरांना सांगितलं गेलं, आणि मुली तरी काय करणार, त्यांना तिथंच राहायचं होतं. स्वयंपाकाच्या मावशी मात्र रात्री स्वयंपाकघराचा दिवा सुरू ठेवून द्यायच्या, म्हणजे तिला ओट्यापाशी बसून अभ्यास करता यावा. वर्तमानपत्रात कार्यक्रमाची बातमी आली होती: मुलींनी मनमोकळ्या भावना व्यक्त केल्या. फोटोत ती माइकपाशी उभी होती. तिच्या तोंडचं एक वाक्यही बातमीत नव्हतं.

पेपर झाले. चांगले गेले. उन्हाळ्यात समितीपुढे तिला जायचं होतं, पुढच्या शिक्षणाची आणि राहण्याची सोय मागायला. मी रजा काढून गेले. आत बोलावणं आलं तशी मी तिच्यासोबत उठले, तर ती म्हणाली, “तुम्ही बसा ताई. मी सांगून येते.”

मी बाहेरच्या बाकावर बसले. ऊन पायांपर्यंत आलं होतं. शेजारी एक माणूस रुमालानं मान पुसत बसला होता. त्यानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “संस्थेतली हाये काय पोरगी?”

मी होकार दिला.

“लग्नाची हाये काय? माह्या भाच्यासाठी पाहून राह्यलो.”

मी उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथून आतले शब्द कळत नव्हते. फक्त तिचा आवाज येत होता, मध्ये कोणी काही विचारलं की थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा.